वाफेचा ट्रॅक्टर, डिझेलचा ट्रॅक्टर आणि घोड्यांचा हिशोब



अलीकडे मोबाईलवर जुन्या यंत्रांच्या चित्रफिती बऱ्याच फिरतात. अमेरिकेतल्या एखाद्या शेतावर धुराडं असलेलं अजस्र इंजिन दहा-बारा फाळांचा नांगर ओढत चाललेलं दिसतं. ते पाहून काही शेतकरी विचारतात, "साहेब, शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्रात एवढा दम होता, मग आमचा पन्नास घोड्यांचा ट्रॅक्टर दोन फाळांच्या पलटी नांगराला का कुरकुरतो?" प्रश्न रास्त आहे. ट्रॅक्टर घ्यायच्या विचारात असलेल्यांनी तर त्याचं उत्तर नीट समजून घ्यावं, कारण कर्जाचे हप्ते बरीच वर्षं चालतात.

वाफेचं यंत्र ओढायला का भारी वाटतं, ते आधी पाहू. बॉयलरमध्ये वाफ कोंडलेली असते. चाक जागच्या जागी थांबलेलं असलं, तरी त्या वाफेचा पूर्ण दाब दट्ट्यावर पडतो. त्यामुळे जड ओझं लागलं की ते गचके न खाता सावकाश खेचत राहतं. त्याचं मोठं चाक मिनिटाला अवघे अडीचशेच्या आसपास फेरे घेई. आपलं डिझेल इंजिन दोन हजारांच्या घरात फिरतं. फेरे उतरले की बंद पडतं. म्हणून तर त्याला इतके गिअर द्यावे लागतात. म्हणजे चित्रफितीत दिसतो तो दम खोटा नाही. पण त्याची किंमत चित्रफितीत दिसत नाही.

अमेरिकेत केस कंपनीचं ११० घोड्यांचं वाफेचं इंजिन प्रसिद्ध आहे. कामाला निघालं की त्याचं वजन साधारण १८ टन भरे. सकाळी जोत धरायचं तर पहाटेच उठून भट्टी पेटवावी लागे, कारण थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला दोन-तीन तास सहज जात. एक माणूस चालवायला, एक भट्टीत कोळसा, लाकूड किंवा काड टाकायला, एक पाण्याच्या टाकीची गाडी घेऊन दिवसभर विहीर-ओढ्याच्या खेपा करायला. एवढं करून जळणातल्या शंभर भागांपैकी पाच-सहा भाग कामी येत, बाकीची उष्णता धुराड्यातून आणि वाफेबरोबर हवेत. आजचं चांगलं डिझेल इंजिन शंभरातले तीसेक भाग कामाला लावतं, आणि एकटा माणूस किल्ली फिरवून निघतो. तीन बाजूंनी अवजार धरणारी हायड्रॉलिकची जोडणी हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केली. १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती आली, तेव्हापासून ट्रॅक्टर अवजार नुसतं ओढत नाही, उचलून धरतो. वाफेच्या इंजिनाला हे कधी जमलं नाही. १९२०च्या दशकात खुद्द केस कंपनीनेच वाफेची इंजिनं बंद केली.

आता वजनाचं बघू, कारण आपल्या जमिनीशी खरा संबंध तिथे येतो. ११० घोड्यांना १८ टन, म्हणजे टनामागे सहा घोडे. आपला पंचेचाळीस घोड्यांचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो, म्हणजे टनामागे बावीस घोडे. घोडे भरपूर, वजन कमी. ओढण्याची ताकद मात्र नुसत्या घोड्यांवर ठरत नाही, मागच्या चाकांवर किती भार आहे आणि चाक जमीन किती धरतं यावरही ठरते. अमेरिकेच्या माळरानावरची कोरडी, टणक जमीन त्या अठरा टनांना पेलत होती. आपल्या ओल्या काळ्या रानात ते इंजिन बांध ओलांडल्याबरोबर रुतून बसलं असतं.

ही अडचण इंग्लंडमध्ये जॉन फाउलर यांनी ओळखली होती. इंजिन शेतात न्यायचंच नाही, नांगर तेवढा तारेच्या दोराने ओढायचा, अशी त्यांची पद्धत. १८५८ साली तिला तिथल्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचं ५०० पौंडांचं बक्षीस मिळालं. पुढे शेताच्या दोन कडांना दोन इंजिनं उभी करू लागले. बॉयलरच्या पोटाखाली आडवा रहाट, त्यावर मोटेच्या नाड्यासारखा गुंडाळलेला पोलादी दोर. एकदा हे इंजिन ओढणार, एकदा ते. मधल्या रानावर इंजिनाचं चाक पडत नसे. मला विचाराल तर त्या जुन्या यंत्रांतलं सर्वांत शहाणपणाचं काम हेच.

आपल्याकडे दोर लावायची गरज नाही, वाफसा पाहायची आहे. दोन-तीन टनांचा ट्रॅक्टरही ओल्या रानात घातला तर नांगराच्या तासाखाली घट्ट थर बसतो. वरची माती भुसभुशीत दिसते, पण मुळं त्या थरावर अडतात आणि पावसाचं पाणी वर तुंबतं. वीतभर खोलीवरची माती काढून मुठीत दाबा. गोळा होऊन अंगठ्याने दाबल्यावर फुटला तर वाफसा आहे. नुसताच चेपला गेला तर ट्रॅक्टर बांधावर थांबवा. भाड्याचा ट्रॅक्टर दारात उभा आहे, उद्या मिळणार नाही, ही घाई मला ठाऊक आहे. पण एका दिवसाच्या घाईने बसलेला थर पुढे दोन-तीन हंगाम छळतो.

वजन पुरेसं आहे का, हे पाहायची सोपी युक्ती सांगतो. मागच्या चाकावर खडूने खूण करा. नांगर उचलून चाकाचे दहा फेरे चालवा आणि अंतर मोजा. मग त्याच रानात, त्याच गिअरमध्ये नांगर लावून दहा फेरे मोजा. आधी १३० फूट आणि नंतर ११३ फूट आलं, तर १७ फूट घसर झाली, म्हणजे शेकडा १३. नांगरटीला शेकडा दहा ते पंधरा घसर चालते. त्याहून जास्त असेल तर डिझेल आणि टायर दोन्ही जळतात. मागच्या चाकांना वजनं लावा किंवा टायरमध्ये पाणी भरा. पाचाच्या खाली असेल तर फुकटचं ओझं वाहताय, ते उतरवा. फवारणी-कोळपणीला तर वजनं काढूनच ठेवा.

धोक्याचंही सांगायला हवं. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं की भट्टीवरचा पत्रा लाल होतो आणि बॉयलर फुटतो. यासाठी त्यात कथील भरलेला बूच असे, तो वितळून वाफ सोडून देई. पण देखभाल नसली की बूचही दगा देतो. २९ जुलै २००१ रोजी अमेरिकेतल्या मेडिना इथे जत्रेच्या मैदानावर असंच जुनं ११० घोड्यांचं केस इंजिन फुटलं आणि पाच माणसं गेली. आपल्या ट्रॅक्टरला बॉयलर नाही, पण पीटीओचा दांडा आहे. तो मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. धोतराचा सोगा, पदर, उपरणं त्यात अडकलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. त्यावरचं झाकण मळणीत अडचण होते म्हणून काढून ठेवलेलं मी ठिकठिकाणी पाहतो. ते आजच परत बसवा, आणि अडकलेलं काड काढायचं असेल तर आधी इंजिन बंद करा.

राहिला घोड्यांचा हिशोब. मघाशी सांगितलेलं ११० घोड्यांचं केस इंजिन पूर्वी ३२ घोड्यांचं म्हणून विकलं जाई. यंत्र तेच, मोजायची रीत वेगळी. पुढे तेलावरचे ट्रॅक्टर आले तेव्हा उलट झालं, थोड्या ताकदीला मोठे आकडे चिकटू लागले. नेब्रास्का राज्यातल्या विल्मॉट क्रोझिअर नावाच्या शेतकरी आमदाराने अशा ट्रॅक्टरपायी हात पोळून घेतले आणि १९१९ साली कायदाच करून घेतला: सरकारी चाचणीशिवाय ट्रॅक्टर विकायचा नाही. १९२० पासून तिथे चाचण्या सुरू झाल्या.

आपल्या देशात ट्रॅक्टरची अशी चाचणी मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेत होते. बयाणा देण्यापूर्वी विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागा. बॉनेटवरचा आकडा बाजूला ठेवून त्यात चार गोष्टी बघा: पीटीओवर किती घोडे मिळाले, हुकावर किती ओढ मिळाली, लिफ्टने किती किलो उचललं आणि तासाला डिझेल किती लागलं. रोटाव्हेटर चालवायचा असेल तर पहिला आकडा महत्त्वाचा, नांगरट जास्त असेल तर दुसरा. अहवाल इंग्रजीत असेल तर तो घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात या. आपलं रान किती, माती कोणती आणि अवजारं कोणती, हे कागदावर लिहून सोबत आणा.