खांद्याचे दुखणे आणि इंजेक्शन



हातकणंगले तालुक्यात यंत्रमागावर राबण्यात अथवा कापडाचे तागे उचलण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना खांद्याच्या कंडरेचे जुनाट दुखणे अपरिचित नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो. परंतु कंडरा त्याने सांधली जात नाही, उलट वारंवार टोचल्यास दुबळी होऊ शकते. मधुमेही रुग्णाची साखर काही दिवस वाढते. म्हणून मधुमेह डॉक्टरांपासून लपवू नये. स्वतःच्याच रक्तापासून केलेले पीआरपी इंजेक्शन महाग असून त्याच्या गुणाविषयी तज्ज्ञांत एकमत नाही.

मार्च २००६ मध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया झालेला सचिन तेंडुलकर सप्टेंबरात परतला आणि नाबाद १४१ धावा करून गेला. मधले महिने त्यालाही चुकले नाहीत. इंजेक्शनाने मिळालेली उसंत व्यायामासाठी वापरावी, ओझ्यासाठी नव्हे.