सुळा लवकर सरकला, मग तारा कधी निघाल्या?



 

"डॉक्टर, लग्नाच्या आत तारा निघतील ना?" हा प्रश्न आपणा दंतवैद्यांपैकी कुणालाच चुकलेला नाही. त्यावर तोडगा म्हणून, दात लवकर सरकावेत यासाठी, हिरडीतून हाडाला चिरा देणे, छिद्रे पाडणे अशा छोट्या शस्त्रक्रिया आता आपल्या खुर्चीपर्यंत आल्या आहेत.

कल्पना जुनीच. 1959 मध्ये हाइनरिश कोले यांनी हाडाचा वरचा कठीण थर कापून (हीच कॉर्टिकॉटॉमी) दात हलवले. दातासकट हाडाचा ठोकळाच सरकतो, असे त्यांना वाटे. हाडाला इजा झाली की त्या भागात झीज आणि भरण दोन्हींचा वेग वाढतो, हे अस्थितज्ज्ञ हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी 1983 मध्ये मांडले. पुढे 2001 मध्ये अमेरिकेतल्या विल्को बंधूंनी सीटी स्कॅनच्या आधारे दाखवले, की ठोकळा वगैरे काही सरकत नाही. हाडातले क्षार काही काळ कमी होतात आणि दाताला वाट मिळते. काही काळ, हे महत्त्वाचे. हा जोर काही महिन्यांत ओसरतो.

2013 मध्ये न्यूयॉर्कच्या अलिखानी आणि सहकाऱ्यांनी सुळ्यामागे तीन बारीक छिद्रे पाडली. 28 दिवसांत सुळा नेहमीच्या 2.3 पट सरकला. रुग्ण होते अवघे वीस. पण आकडा गाजला. पुढे 2018 मध्ये जॉर्डनमध्ये आणि 2019 मध्ये कैरोत एका बाजूला छिद्रे आणि दुसरी बाजू तशीच ठेवून तुलना झाली, तेव्हा सुळ्याच्या वेगात फरक दिसला नाही. त्याआधी 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात अशा सर्व शस्त्रक्रिया मिळून निकषात बसणारे चार अभ्यास आणि 57 रुग्ण सापडले होते. एवढ्या भांडवलावर आपण पत्रके छापतो!

आता हिशेब मांडू. उपदाढ काढल्यावर सुळा महिन्याला साधारण एक मिलिमीटर मागे येतो. एक महिना तो दुप्पट धावला असे धरले, तरी वाचतो एकच महिना. एकूण उपचार चालतात वीसेक महिने. त्यात आधी दात ओळीत आणायचे, शेवटी मुळांचा कल आणि चावा जुळवायचा. या टप्प्यांवर सुळ्यामागची छिद्रे काय करणार? परीक्षा म्हणून बुडालेली भेट आणि चिक्कीने उडालेला ब्रॅकेट यांत जाणारे आठवडे वेगळेच. पुन्हा वेग टिकवायचा तर छिद्रेही पुन्हा पाडायची. दर वेळी भुलीचे इंजेक्शन आणि वेगळे बिल.

मी शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. प्रौढ रुग्णाच्या खालच्या पुढच्या दातांवरचे हाड कागदासारखे पातळ असते आणि दात पुढे न्यायचे असतात, तिथे हाडाची भर घालून केलेली कॉर्टिकॉटॉमी विचारात घ्यावी. मात्र ती हाडासाठी घ्यावी, मुहूर्तासाठी नव्हे. वधूच्या आईला हा फरक सांगायला पाच मिनिटे लागतात; ती आपण द्यायला हवीत.

एक विनंती आहे. पुढच्या अधिवेशनात या विषयावर निबंध वाचणाऱ्यांनी पहिल्या महिन्यात सुळा किती सरकला हे सांगून थांबू नये. प्रत्येक रुग्णाच्या तारा लावल्याची आणि काढल्याची तारीख सोबत आणावी, आणि छिद्रे न पाडलेल्या तशाच रुग्णांच्याही.