संशोधन-नगरी आणि गिरणीचे फाटक



संशोधन-नगरींची स्तुती आपण पुष्कळ ऐकली असेल. आम्ही युनियनची माणसे. आम्ही त्यांच्याकडे गिरणीच्या फाटकात उभे राहून पाहतो.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना हे राज्य तंबाखू, कापड आणि फर्निचर यांवर जगे. मजुरी तुटपुंजी; शिकलेली मुले परराज्यांत जात. रॅले, डरहॅम व चॅपेल हिल येथील तीन विद्यापीठांच्या मधोमध, पाइनच्या रानात, १९५९ साली ‘रिसर्च ट्रँगल पार्क’ स्थापन झाले. पैसा देणग्यांतून आला. नफा न घेणाऱ्या संस्थेकडे कारभार राहिला. आरंभीची वर्षे रखडत गेली. १९६५ साली आयबीएमने येण्याचे ठरवले आणि पालवी फुटली. १९७५ साली तिन्ही विद्यापीठांनी पार्कातच सुमारे १२० एकरांवर सामाईक केंद्र काढले. आज पार्काचा विस्तार सुमारे ७,००० एकर आहे. चढाओढ करणाऱ्यांनीही एकत्र यावे, हा धडा आम्ही आदराने घेतो.

परंतु त्याच १९५९ साली, त्याच राज्यात, हेंडरसन गावी कापडगिरणीचा संप चालू होता. पार्कासाठी झटणारे गव्हर्नर लूथर हॉजेस यांनीच तेथे नॅशनल गार्डचे सैनिक धाडले. १९६१ साली संप हरला. सरकारी नोकरांच्या संघटनांशी करार करण्यास मनाई करणारा कायदाही १९५९ चाच!

प्रयोगशाळेशी आमचे वैर नाही. नव्या नगरीचा नकाशा आखताना गिरणीतल्या माणसाची जागा कोठे, एवढे पहिल्याच दिवशी विचारा. मागाहून विचारले, तर नकाशात जागा उरत नाही.