सर्वांचे काम, एकेकाची जबाबदारी
(वाशिम येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपण सभांतून आवडीने सांगतो. 'बारभाईंची खेती, काय लागेल हाती' हीदेखील मराठीतलीच म्हण आहे. ती मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. स्वयंसेवकांच्या कामात या दोहोंपैकी कोणती म्हण खरी ठरणार, हे उत्साहावर अवलंबून नसते. झालेले काम कोण आणि कसे तपासतो यावर असते. मुक्त सॉफ्टवेअरच्या उदाहरणावरून मी आज एवढेच मांडणार आहे.

ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते ते मुक्त सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. तुमच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच गाभा आहे. अशी कामे करणाऱ्यांत काही जण कंपन्यांचे पगारदार असतात, तर पुष्कळ जण निव्वळ स्वयंसेवक. एकाने दुसऱ्याला हुकूम सोडावा अशी तेथे सोय नाही. मग तपासणीचा मेळ घालायचा कसा?

प्रश्न दूरचा वाटत असेल, तर 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. आपल्या जिल्ह्यातील निम्म्या अर्जांत तो असेल. मराठीत अर्धा र दोन प्रकारे लिहितात. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. हिंदीला हा भेद लागत नाही. म्हणून हिंदी तपासून देवनागरीला उत्तीर्ण ठरवणाऱ्याच्या हातून तो निसटतो. शिवाय हा आडवा र संगणकात दोन वेगळ्या संकेतक्रमांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण शोध घेताना यंत्राला ते भिन्न वाटू शकतात. मग 'मानोऱ्याचा' रहिवासी यादीत असूनही सापडत नाही.

दुसरे उदाहरण गावांच्या नावांचे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात मालेगाव तालुका आहे. पण नाशिक जिल्ह्यातले मालेगाव अधिक प्रसिद्ध आहे. आपले कारंजा लाड निराळे आणि वर्धा जिल्ह्यातील कारंजा घाडगे निराळे. जिल्ह्याचे नावही कोणी 'वाशिम' लिहितो, कोणी 'वाशीम'. पुण्या-बंगळूरच्या अभियंत्याला हे सारे ठाऊक असण्याचे कारण नाही. रिसोडच्या शिक्षकाला किंवा मंगरूळपीरच्या विद्यार्थिनीला ते न सांगता कळते. तेव्हा तपासणी हे केवळ तज्ज्ञांचे काम नाही. वापरणाऱ्याचे ज्ञान तेथे तितकेच मोलाचे आहे.

परंतु काम सर्वांसाठी खुले आहे एवढ्याने ते तपासले गेले, असे समजणे हा भ्रम आहे. ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सुरक्षा-आज्ञावलीतील 'हार्टब्लीड' हा दोष एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला. त्याआधी सुमारे दोन वर्षे तो साऱ्या जगासमोर उघडा पडून होता. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लहानशा साधनात कोणी चोरदार बसवल्याचे उघड झाले. त्याची देखभाल जवळजवळ एकट्या स्वयंसेवकावर होती, आणि मदतनीस म्हणून आलेल्याने आधी त्याचा विश्वास संपादन केला होता. संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो, असा प्रश्न अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला पडला म्हणून ते कारस्थान सापडले. जे कोणालाही पाहता येते ते कोणी तरी पाहिलेच असेल, या समजुतीने प्रत्येक जण निश्चिंत राहतो आणि पाहत कोणीच नाही.

ज्यांनी हे ओळखले त्यांनी शिस्त घालून घेतली. लिनक्सच्या प्रत्येक आवृत्तीसाठी पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारतात; पुढे बहुधा सात-आठ आठवडे केवळ दुरुस्ती चालते आणि दर आठवड्याला उमेदवार आवृत्ती तपासणीस निघते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनमध्ये नवा भाग आधी 'अस्थिर' विभागात राहतो. काही दिवस गंभीर तक्रार आली नाही तरच तो पुढे सरकतो. प्रकाशनापूर्वी नवे बदल गोठवतात. कॅलेंडर सर्वांना सारखे लागू असते. म्हणून येथे हुकूम देणाऱ्याची उणीव भासत नाही.

यातून चार गोष्टी घेता येतील. पहिली, तपासणीची यादी लिखित हवी आणि प्रत्येक ओळीपुढे एका व्यक्तीचे नाव हवे. दुसरी, तक्रार म्हणजे नुसती कुरकुर नव्हे. काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले आणि कोणत्या आवृत्तीत, एवढे नोंदले तरच दूरच्या माणसाला तो दोष पुन्हा घडवून पाहता येतो. तिसरी, सुधारलेला दोष कायमच्या यादीत जावा, कारण गेलेला दोष पुढील बदलाबरोबर परत येतो. रोजची फेरतपासणी यंत्रावर सोपवावी. अक्षर वाकडे दिसते का, हे मात्र माणसाने पाहावे. चौथी, दोष दाखवणाऱ्याला विघ्नसंतोषी म्हणू नये. लिहिणाऱ्याचे नाव होते, तपासणाऱ्याचे होत नाही. त्याला मान आणि विश्रांती दिली नाही, तर तो न भांडता निघून जातो आणि त्याची जागा रिकामी झाल्याचे पुढचे अरिष्ट येईपर्यंत कळत नाही.

लिब्रेऑफिससारखा संच मराठीत उपलब्ध आहे आणि त्याच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा निघतात. जिल्ह्यात सहा तालुके आहेत. तालुक्यामागे दोन माणसांनी प्रत्येक आवृत्तीपूर्वी एक संध्याकाळ दिली, एकच यादी दोघांनी वेगवेगळ्या संगणकांवर तपासली, आणि एकाने साऱ्या नोंदी एकत्र केल्या, तर 'शेतकऱ्यांना' हा शब्द शाबूत राहील.

सहा दुणे बारा. म्हणजे आपण बारभाईच ठरलो. हरकत नाही. प्रत्येक सरीवर एकेकाचे नाव असेल, तर बारभाईंची शेतीही पिकते.