पहिला तास तालुक्याचा



भुईकोट किल्ल्याच्या आणि वीरनाथ-मल्लिनाथ महाराजांच्या नाथपरंपरेच्या औशात स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो.

हृदयविकाराची परिषद औशात का? कारण झटका येतो तो घरात, शेतात, एसटी स्टँडवर. छाती भरून येते, डावा हात दुखतो, दरदरून घाम फुटतो. घरचे म्हणतात, “पित्त झालंय, सोडा घ्या.” रात्र तशीच जाते आणि सकाळी गाडी करून लातूर गाठलं जातं. तोवर हृदयाचा स्नायू मेलेला असतो.

जपानमध्ये हा आजार फार कमी. पण हवाई आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जपान्यांमध्ये तो वाढलेला दिसला. म्हणजे सगळा दोष रक्ताचा नसतो, राहणीचाही असतो. 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी 53व्या वर्षी आलेला आढळला. इतरांना 59च्या आसपास. घरातला कर्ता माणूस असा ऐन उमेदीत जातो. तंबाखू, बीपी आणि शुगर यांच्याशी लढाई गावातच लढावी लागेल.

1993च्या 30 सप्टेंबरला आपल्याच तालुक्यातलं किल्लारी भूकंपात कोसळलं, तेव्हा बाहेरची कुमक येण्याआधी शेजाऱ्यांनीच ढिगारे उपसले. झटक्याच्या पहिल्या तासातही जवळचेच हात कामी येतात. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेझ योग्य रुग्णाला एकाच इंजेक्शनात देता येतं. त्यासाठी कॅथलॅब लागत नाही. ते देऊन मग 108 रुग्णवाहिकेने पुढे पाठवावं.

अँजिओप्लास्टीनंतरचं कामही आपलंच. 2012पासून जीवनदायी योजनेने, 2017पासून स्टेंटच्या किमतीवरच्या मर्यादेने हा उपचार गरिबाच्या आवाक्यात आला. पण बरं वाटलं की गोळ्या बंद होतात आणि स्टेंट पुन्हा तुंबतो. ती गोळी चालू ठेवणारा माणूस म्हणजे गावचा डॉक्टर आणि आशाताई.

1966 साली तरुण डॉक्टरांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय उभं केलं. ती जिद्द आपल्यातही आहे. इथून जाताना प्रत्येक तालुक्याने एवढं ठरवून जावं: ईसीजी कोण काढणार, तो कोण वाचणार, इंजेक्शन कुठे ठेवलेलं असणार.