एरींच्या मुलखातून

पुण्याहून सातारा-कोल्हापूरकडे जाणारा राजरस्ता मराठी माणसाच्या इतका ओळखीचा आहे की, तो पुढे कोठे जातो याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. बेळगाव, हुबळी, बंगळूर, कृष्णगिरी, वेल्लोर अशी गावे घेत तो थेट चेन्नईस जाऊन पोचतो. चेन्नई शहर जवळ आले की त्याच्या काठी इरुंगाट्टुकोट्टै नावाचे स्थळ लागते. तमिळ भाषेत ‘काडु’ म्हणजे रान आणि ‘कोट्टै’ म्हणजे किल्ला. पण येथे प्रवाशाच्या नजरेस ना रान पडते, ना किल्ला. १९९० साली येथे मोटारींच्या शर्यतींसाठी वाट बांधण्यात आली, १९९८ पासून कोरियन कंपनीच्या मोटारी येथे तयार होऊ लागल्या, आणि २०१० साली जवळच्याच ओरगडमला जपानी मोटारींचा कारखाना सुरू झाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भिंती, फाटके आणि मालमोटारींच्या रांगा. ‘येथे पाहण्यासारखे ते काय?’ असे म्हणून बहुतेक प्रवासी डोळे मिटून घेतात.

ते डोळे उघडे ठेवले, तर एक गोष्ट ध्यानात येते. या सपाट प्रदेशात डोंगर नाहीत, तरी क्षितिजावर जागोजाग मातीची लांबलचक रेघ उंचावलेली दिसते. तो तळ्याचा बांध असतो. तमिळमध्ये अशा तळ्याला ‘एरी’ म्हणतात. कांचीपुरम व चेंगलपट्टू हे पूर्वी एकच असलेले आणि २०१९ साली विभागले गेलेले जिल्हे म्हणजे या एरींचे माहेरघर. आपल्याकडे पाऊस मृगात येतो. या किनाऱ्यावर त्याचा खरा जोर दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि डिसेंबरात ओसरतो. दोन-अडीच महिन्यांत कोसळणारे पाणी वर्षभर पुरवायचे, तर ते अडविलेच पाहिजे. म्हणून जमिनीचा उतार हेरून पूर्वजांनी अर्धचंद्राकार बांध घातले. बांधात शेताकडे पाणी सोडणारी मोरी, तिला म्हणतात ‘मदगु’. आणि जादा पाणी वाहून जाण्यासाठी दगडी सांडवा, त्याचे नाव ‘कलिंगल’. वरच्या तळ्याचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या तळ्यात जाते, तेथून त्याच्या खालच्या. भंडारा-गोंदियाकडील कोहळी शेतकऱ्यांचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही.

इरुंगाट्टुकोट्टैच्या शेजारचे चेंबरंबाक्कम हे या तळ्यांतले मोठे. भरले म्हणजे २४ फूट पाणी आणि ३,६४५ दशलक्ष घनफूट साठा. चेन्नईची तहान त्याच्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे, आणि शहरातून वाहणारी अड्यार नदीही त्याच्याच पाण्यावर पोसते. डिसेंबर २०१५ मध्ये अतिवृष्टी झाली, तेव्हा या तळ्यातून सेकंदाला सुमारे २९ हजार घनफूट पाणी सोडावे लागले आणि अड्यारच्या दोन्ही काठांवरील वस्त्या बुडाल्या. तो दोष पावसाचा, दरवाजे उघडणाऱ्यांचा, की वाटेतली लहान तळी बुजवून त्यांवर घरे बांधणाऱ्यांचा, यावर पुष्कळ वाद झाला. लहान तळी बुजली की मोठ्या तळ्याचा भार वाढतो, एवढे मात्र कोणत्याही शेतकऱ्याला सांगता येईल.

पुढे श्रीपेरुंबुदूर. परंपरेप्रमाणे १०१७ साली येथे रामानुजाचार्यांचा जन्म झाला. आदिकेशव पेरुमाळांच्या मंदिरातील त्यांची मूर्ती त्यांच्या हयातीतच घडविली आणि त्यांना ती पसंत पडली, असे सांगतात. तेथून कांचीपुरम तासाभराच्या आत येते.

कांचीच्या देवालयांविषयी इतके लिहिले गेले आहे की, पल्लव राजा राजसिंहाने आठव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेल्या कैलासनाथ मंदिराचे नाव घेऊन पुढे जाणे बरे. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. वरदराज पेरुमाळांच्या आवारातील पुष्करिणीच्या तळाशी औदुंबराच्या लाकडाची विष्णुमूर्ती बुडवून ठेवलेली आहे. चाळीस वर्षांनी एकदा ती बाहेर काढतात, ४८ दिवस दर्शनाला ठेवतात आणि पुन्हा पाण्यात नेतात. १९३९, १९७९ आणि २०१९ साली ती बाहेर आली. २०१९ चा उन्हाळा चेन्नईला पाण्यावाचून फार कठीण गेला होता, आणि त्याच पावसाळ्याच्या तोंडी, जुलै-ऑगस्टमध्ये, पाण्याखालच्या या देवापुढे अलोट गर्दी लोटली. आता हा योग २०५९ मध्ये. ज्या आजीने नातवाला कडेवर घेऊन दर्शन घडविले, तिने मनात काय हिशेब केला असेल, तो निराळा सांगायला नको.

कांचीच्या मागावरचे एक कसब मराठी बायकांना विशेष रुचेल. तेथील रेशमी लुगड्याचे काठ आणि अंग वेगवेगळ्या रंगांचे असले, तर ते वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवितात. याला ‘कोर्वै’ म्हणतात. त्यासाठी मागावर विणकराबरोबर आणखी एक मदतनीस लागतो, आणि तो बहुधा घरातलाच मुलगा असे. आता ती मुले कारखान्याच्या बसने इरुंगाट्टुकोट्टैकडे जातात. मुलाला ठरल्या तारखेला पगार मिळतो, हे त्यांच्या बापांनाही पटते. पण मागावरची दुसरी जागा रिकामी राहते. येवल्यास पैठणीच्या मागाजवळ बसलेल्यांना हे दुःख परके वाटणार नाही.

चीन-जपानातील ध्यानमार्गी बौद्धांचा आद्य गुरू बोधिधर्म हा याच कांचीचा राजपुत्र होता, अशी तमिळ परंपरा आहे. जपानात ‘दारुमा’ नावाची गोल, ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली घरोघर असते, ती त्याचीच. आणखी एक साम्य अधिक जवळचे आहे. शिकोकू बेटावर मान्नो नावाचे भाताच्या शेतांना पाणी देणारे जुने तळे आहे. त्याचा फुटका बांध ८२१ साली कूकाई या भिक्षूने लोकांना हाताशी धरून पुन्हा उभारला. शेतकरी आजही त्या तळ्याचे पाणी वापरतात.

कांचीच्या दक्षिणेस उत्तिरमेरूर आहे. मान्नोचा बांध सावरला गेला त्यानंतर शंभर वर्षांनी येथील ग्रामसभेने आपले नियम देवळाच्या दगडी भिंतींवर कोरून ठेवले. पहिल्या परांतक चोळाच्या कारकीर्दीतले ९१९ आणि ९२१ सालचे हे दोन शिलालेख मुळातून पाहावेत असे आहेत. गावाचे तीस भाग पाडलेले होते. प्रत्येक भागातून पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून ती घड्यात टाकीत आणि अजाण मुलाकडून एकेक चिठ्ठी काढवीत. उमेदवाराचे वय ३५ ते ७० मध्ये हवे, स्वतःची करपात्र जमीन व स्वतःचे घर हवे, मागील तीन वर्षांत तो कोणत्याही समितीवर नसावा. आणि ज्याने पूर्वी समितीवर असताना हिशेब दिला नाही, तो तर बाद झालाच; पण त्याच्यासोबत त्याचे मावसभाऊ, आतेभाऊ, सासरे, मेहुणे अशी नात्यांची लांब माळही बाद. हिशेब न देणाऱ्याचा बंदोबस्त करावयाचा, तर त्याच्या गोतावळ्यापासून सुरुवात करावी लागते, हे व्यवहारज्ञान दहाव्या शतकातले आहे! निवडलेल्यांतून वार्षिक समिती बारांची, उद्यान समिती बारांची आणि ‘एरी वारियम्’, म्हणजे तलाव समिती, सहा जणांची.

या लेखांना कोणी लोकशाहीची गंगोत्री म्हणतात. तितके म्हणण्याचे कारण नाही. ही ब्राह्मणांच्या अग्रहाराची सभा होती. वेदाध्ययन ही पात्रतेची अट होती. शेत कसणाऱ्यांना व बायकांना तिच्यात स्थान नव्हते. पण तळ्याची देखभाल हे गावाचे काम आहे, त्यासाठी वेगळी माणसे नेमावीत आणि त्यांचा हिशेब तपासावा, ही जाणीव तेथे होती. पुढे इंग्रजी अमदानीत गावाच्या सामुदायिक दुरुस्तीची ‘कुडिमरामत्तु’ ही रीत ढिली पडली, तेव्हा सरकारने १८५८ साली कायद्याने ती सक्तीची करून पाहिली. कायद्याने गाळ निघाला नाही.

उत्तिरमेरूरच्याच जिल्ह्यात, श्रीपेरुंबुदूर आणि कांचीच्या मधल्या पट्ट्यात, परंदूर येथे चेन्नईचा दुसरा विमानतळ करण्याचे २०२२ साली ठरले. त्यात तेरा गावांची पाच हजार एकरांहून अधिक जमीन जाणार, आणि तिच्यात भातशेतीबरोबर तळी व त्यांना जोडणारे कालवेही आहेत. एकनापुरम गावच्या ग्रामसभेने त्याविरुद्ध ठराव केला, आणि एकदाच करून थांबली नाही. शहराला विमानतळ हवा, हे खरे. मात्र साखळीतली एक कडी काढली म्हणजे तिच्या खालची तळी कशाने भरावयाची, हा एकनापुरमच्या लोकांचा प्रश्न कागदोपत्री सुटण्यासारखा नाही.

उन्हाळ्यात तळी आटतात, भाताची कापणी झालेली असते, आणि तेव्हा या भागात द्रौपदी अम्मनच्या जत्रा भरतात. या देवतेचे मूळ ठाणे जिंजीजवळ मेलच्चेरी येथे मानतात. राजाराम महाराजांनी ज्या जिंजीच्या आश्रयाने मराठी राज्य तगविले, तीच ही जिंजी. दुपारी भारताचे निरूपण चालते आणि रात्रभर ‘तेरुक्कूत्तु’ होते. लाकडी मुकुट, खांद्यावर आरशांनी मढविलेली भुजभूषणे, पेटी आणि ढोलकीच्या साथीवर चढलेला आवाज. कोकणातल्या दशावताराशी त्याचे नाते एकदम ओळखू येते. शेवटच्या सकाळी मोकळ्या रानात मातीचा प्रचंड दुर्योधन उताणा निजविलेला असतो. भीम त्याची मांडी फोडतो, द्रौपदीचे मोकळे केस बांधले जातात, आणि संध्याकाळी भक्त निखाऱ्यांवरून चालत जातात.

मदुरांतकमच्या मोठ्या तळ्याकाठी ‘एरी कात्त रामर’, म्हणजे तळे राखणारा राम, उभा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलेक्टर लायोनेल प्लेस याने हा बांध दुरुस्त करविला. तरी तो फुटेल अशी त्याला धास्ती होती. एका तुफानी रात्री तो पाहणीला गेला, तेव्हा दोन धनुर्धारी तरुण बांधावर पहारा देत असलेले त्याला दिसले आणि बांध टिकला. मग त्याने बोलल्याप्रमाणे सीतामाईचे देऊळ बांधून दिले, अशी कथा आहे. त्या देवळावर त्याचे नाव कोरलेले आहे.

जवळच्याच वेडंतांगलच्या लोकांनी याच प्लेसकडून १७९८ साली आणखी एक गोष्ट मिळविली होती, ती म्हणजे आपल्या तळ्यावरील पाखरांना कोणी मारू नये असा कौल. तळे अवघे ७४ एकरांचे. पाण्यातच उभ्या असलेल्या समुद्रफळाच्या झाडांवर हिवाळ्यात करकोचे, पाणकावळे, रातबगळे, चमचे, झोळीवाले यांची घरटी दाटतात. गावकरी दिवाळीत फटाके वाजवीत नाहीत. त्यात भूतदया आहेच, आणि हिशेबही आहे. हजारो पक्ष्यांची विष्ठा तळ्यात पडते, ते पाणी मोरीतून भाताला मिळते, आणि शेतकऱ्याचे खत वाचते. मार्च उलटला की थवे उठून जाऊ लागतात. तोवर तळे निम्म्यावर आलेले असते, आणि त्याच्या हिरवट पाण्यावर शेतातले भात पिवळे पडत असते.