वाळवंटाच्या भिंतीवरील पाऊस



वाळवंटातील चित्रकार निसर्ग रंगवू लागला की वाळूच्या टेकड्या आणि उंटांचे तांडेच उतरणार, अशी आपली समजूत असते. बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यातील बादल महाल ती पुसून टाकतो. तेथील जुन्या चिताऱ्यांनी भिंतींवर मेघ रंगविले. निळे-पांढरे, वळसे घेत एकमेकांत गुंतलेले मेघ. त्यांतून नागमोडी धावणारी वीज आणि खाली पायथ्याशी उभ्या रेघांनी कोसळणाऱ्या सरी!

वर्षाकाठी जेमतेम दहा-बारा इंच पाऊस पाहणाऱ्या प्रदेशात हा केवळ राजविलास मानता येणार नाही. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ तेथील लोकस्मृतीत आजही आहे.

मात्र हा समाज मेघांची नुसती आळवणी करीत बसला नाही. अंगणाला उतार देऊन पाणी टाक्यात उतरवायचे, कुंडाभोवतीचे ‘आगोर’ पावसापूर्वी झाडून ठेवायचे, त्यावर पादत्राणे न्यायची नाहीत, ही शिस्त कोणत्याही सरकारी खात्याने लावलेली नव्हती. १९४८ साली वर्ध्यात जन्मलेल्या अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या ग्रंथात या जलपरंपरेचे दर्शन घडविले.

१९२७ साली महाराजा गंगासिंह यांनी सतलजचे पाणी राज्यात आणले, हे त्यांचे थोर कार्यच. पुढे गावोगाव कालव्याचे नि नळाचे पाणी पोहोचले आणि कित्येक कुंडांकडे दुर्लक्ष झाले. राजस्थानच्या सहलीस जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी बादल महाल अवश्य पाहावा; परतताना एखाद्या गावचा कुंडही पाहावा, आणि त्यात पाणी आहे की कचरा, हे जरा वाकून पाहावे.